बॉनेटवरचं कोपर

ती मावशीच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा अंगणात एक माणूस मोटारीचं बॉनेट डोक्यावर घेऊन उभा होता. मान वाकडी, दोन्ही हात इंजिनात. पत्र्यावरून पावसाचं पाणी ओघळून त्याच्या कॉलरमध्ये जात होतं, पण हात काही बाहेर येत नव्हते.

पावलांचा आवाज ऐकून तो न बघताच म्हणाला, "मावशी, जरा धरता का?"

तिने खांद्यावरची बॅग ओल्या फरशीवर टाकली आणि बॉनेट धरलं. त्याने मान सोडवून घेतली, बोल्ट आवळला, वर पाहिलं... आणि पाना हातातून निसटून इंजिनाच्या पोटात खणखणत गेला.

"तुम्ही मावशी नाही," तो म्हणाला.

"भाची आहे. आता हे सोडू, की तुमचा पाना सापडेपर्यंत अशीच उभी राहू?"

"राहा," तो म्हणाला. मग चुकल्यासारखं वाटून — "म्हणजे... थोडा वेळ."

पाना लगेच दिसला होता. तरी शोधायला त्याने बराच वेळ घेतला.

गाडी मावशीची. छोटीशी, गोलमटोल, बदकाच्या पिल्लासारखी. मावशीने तरुणपणी स्वतःच्या पगारातून घेतलेली, आणि आता तशी गाडी रस्त्यावर दिसली की लोक थांबून फोटो काढायचे. रोज सकाळी बॉनेट उघडून तेल बघायचं हे काम मावशी कुणाला करू देत नसे. मागच्या आठवड्यात बॉनेटला टेकू द्यायची सळई तिच्या झिजलेल्या खाचेतून सटकली आणि अख्खं बॉनेट मावशीच्या मनगटावर आलं. मनगट प्लास्टरमध्ये गेलं, म्हणून भाची आली. ती नर्स होती, पण एका जागची नव्हे. ज्या इस्पितळात कुणी रजेवर जाईल, तिथे तेवढ्यापुरती जायची. दोन कामांच्या मध्ये हे थोडे दिवस मोकळे मिळाले होते.

तिच्या पायाला भिंगरीच होती. मावशीकडे आली तरी बॅग उघडली नाही; लागेल तो कपडा वरूनच ओढून काढायचा. या खिडकीतून त्या खिडकीत, जिन्यावरून खाली, पुन्हा वर. बसली तरी पाय हलत राहायचा. एकदा सोडलेल्या गावी ती पुन्हा कधी गेली नव्हती, आणि कुणी बोलावलंही नव्हतं. लोक दोनच गोष्टी म्हणायचे — थांब, नाहीतर, बरं, जा.

अंगणातल्या त्या माणसाचं पलीकडच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचं गॅरेज होतं. सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. मोजल्याशिवाय तो चहात साखरही घालत नसे, चमच्यावरचा डोंगर सुरीने सपाट करायचा. मावशीला नव्या गाड्यांसारखे गॅसचे दांडे हवे होते, बॉनेट अलगद उचलून वर धरून ठेवणारे. त्याचं म्हणणं, जुन्या गाडीचं मूळचं सगळं तसंच राहू द्यावं.

"मीही जुनीच आहे," मावशी म्हणाली. "मला चष्मा लागला तेव्हा मूळचे डोळे राहू द्या, असं कुणी म्हणालं नाही."

तो निमूट कबूल झाला. मग मावशीने अट घातली, की गाडीला एकही नवं भोक पडता कामा नये. झालं, मोजमाप वाढलं. बिजागरीचे मूळचे बोल्ट वापरून त्यावर पट्ट्या बसवायच्या, पट्ट्यांचा कोन काढायचा, पुठ्ठ्याचे नमुने कापायचे. एका दिवसाच्या कामाला तो रोज यायला लागला. आणि भाचीची खिडक्यांमधली ये-जा अंगणाकडच्या एकाच खिडकीशी येऊन अडायला लागली.

दांडे किती ताकदीचे हवेत हे बॉनेटच्या वजनावर ठरतं. त्याने मावशीचा वजनकाटा आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि बॉनेटची पुढची कड त्यावर टेकवली. ती चहाचे कप घेऊन आली. एक त्याला दिला आणि दुसरा हातात घेऊन तिथेच बॉनेटवर कोपर टेकून उभी राहिली.

दांड्याची कुठली बाजू वर, असं तिने विचारलं. तो म्हणाला, जाड नळी वर, बारीक दांडी खाली. आत थोडं तेल असतं, ते खालच्या रबरी सीलवर राहायला हवं. सील सुकलं की गॅस निसटतो.

"मी तर पेशंटला उलट सांगते. पाय वर, डोकं खाली."

तो हसला. ओठ मिटून हसायची त्याची सवय होती, पण या खेपेला दात दिसले. त्याने आकडा पुठ्ठ्यावर लिहिला. मग त्याच्या शिरस्त्याप्रमाणे पुन्हा मोजलं, आणखी एकदा मोजलं. आकडा तोच आला. समाधानाने त्याने पेन्सिल कानावर खोचली.

शुक्रवारी दांडे आले आणि बसले. नुसतं बोट लावलं आणि बॉनेट सुस्कारा टाकून वर गेलं. मावशीने एका हातानेच टाळी दिल्यासारखं केलं. मग ती बंद करायला गेली. बॉनेट खालीच येईना. ती चांगल्या हाताने त्याला लोंबकळली, टाचा उचलल्या, तरी नाही. शेवटी फूटपट्टीने जोर लावला. कसंबसं खाली आलं, पण बिजागरीजवळचा जुना पातळ पत्रा कपाळाला आठी पडावी तसा वर फुगला. त्याने झटकन हात काढला. बॉनेट उसळून वर गेलं. दांडे जरुरीपेक्षा फारच ताकदवान होते.

त्याचा चेहरा उतरला. त्याने दांडे उतरवले, पत्र्यावरून तळवा फिरवून पाहिला. आठी गेली होती. तो निघून गेला.

शनिवारी सकाळी तो आला नाही. रविवारी तिची बस होती. समुद्राकाठच्या एका इस्पितळात, बाळंतपणाच्या रजेवर जाणाऱ्या नर्सच्या जागी तिला हजर व्हायचं होतं, तेही काही महिन्यांसाठी. ती खिडकीशी गेली, फिरली, बॅगेची चेन लावली, पुन्हा उघडली. आजवर असं निघताना तिचं मन आधीच पुढच्या गावी पोचलेलं असायचं. आज ते जागचं हलत नव्हतं आणि पाय मात्र थांबत नव्हते. न बोलता तो राहिला, तर आपण उद्या बसमध्ये बसू, आणि हे गावही बाकीच्या गावांसारखं मागे पडेल, एवढं तिला कळत होतं. मावशी म्हणाली, फरशी झिजेल, खाली तरी जा.

दुपारी फाटक वाजलं. वजनकाटा आणि ठोकळा मांडून तो एकटाच मोजत होता. ती खाली उतरली तेव्हा तो आकड्याकडे टक लावून बघत होता. पहिल्यापेक्षा बराच कमी होता म्हणे. असं कसं, हे त्याला उमगत नव्हतं. ती जवळ आली, आणि नेहमीसारखं तिने बॉनेटवर कोपर टेकवलं.

काटा सरकला.

दोघांनीही तो पाहिला. तिने कोपर उचललं, काटा मागे. पुन्हा टेकवलं, पुन्हा पुढे. तिला हसू फुटलं, पण त्याचे कान लाल झाले होते.

"तीनदा मोजलंत ना?" ती म्हणाली. "एकदाही दिसलं नाही?"

"दिसत होतं..." तो म्हणाला. "कोपर दिसत होतं. तिथला तीळ दिसत होता. बाकी — काहीच दिसत नव्हतं."

व्हरांड्यातून मावशीचा आवाज आला. "अरे, जन्मात एकदा चुकलास ते माझ्याच गाडीवर?" मग तिला आत काहीतरी काम आठवलं. प्लास्टरच्या हाताने तिने दारही लोटून घेतलं.

बारीक पाऊस सुरू झाला. नवे दांडे पुढच्या आठवड्यात येतील, असं तो सांगत राहिला. ते बसवताना तुम्ही थांबाल का, असं विचारायचं सकाळपासून मनात होतं, म्हणून सकाळी यायचं धाडस झालं नाही. पण त्या इस्पितळात एक बाई दिवस मोजत असेल, तिला सुटी मिळायला हवी. थांबा कसं म्हणणार?

"मला थांबता येतही नाही," ती म्हणाली. "कुठेच जमलं नाही आजवर. खरं तेच सांगते."

"मग थांबू नका." त्याने काट्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. "जा. आणि परत या."

एवढी गावं झाली, एवढी माणसं झाली, हे तिला कुणीच म्हणालं नव्हतं.

"तुम्ही काय म्हणताय अजून," ती हळूच म्हणाली. "तू म्हण."

तो म्हणाला, "परत... ये."

पंधरवड्याला दोन दिवस सुट्टी मिळते, तिने सांगितलं. इतकी वर्षं ती कधी घेतलीच नाही. दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायची. सुट्टी घेऊन जायचं कुठे, हाच प्रश्न असायचा.

"आणि आता?"

"आता घेईन. पहिल्या सुट्टीला बसस्टँडवर ये. उशीर केलास तर मी पुढची बस पकडून निघून जाईन."

नाही करणार, तो म्हणाला.

तो खरंच घाबरला होता, आणि तिने त्याला तसंच घाबरू दिलं. पुढची बस ती पकडणार नव्हती. संध्याकाळ झाली असती, बाकं रिकामी झाली असती, तरी ती तिथेच बसून राहिली असती.