या, जेवायला

कुसुमताईंना हत्ती बघायचा होता. देवळाच्या दारात सोंड फिरवून केळं मागणारा नव्हे. रानातला, कुणाच्या बापाचं न ऐकणारा. सदुसष्टाव्या वर्षी ही घाई कसली, असं सप्तापूरच्या शेजारणी विचारायच्या. घाईला कारण होतं. काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांच्या कडा खाऊन टाकल्या होत्या. समोरचं दिसे, बाजूचं नाही. सारा वेळ दाराच्या फटीतून बघितल्यासारखं. गेलेली नजर परत येत नसते आणि उरलेलीही फार तर वर्षभर, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून लेक नेत्रानं कॉलेजातून रजा घेतली आणि मायलेकी पहाटेच गाडीनं दांडेलीच्या जंगलाकडे निघाल्या.

डबा मात्र बाईंनी बारशाला निघाल्यासारखा भरला होता. भाकऱ्या, एण्णगाईची भरली वांगी, शेंगाचटणी, दहीभात.

"आई, आपण दोघीच आहोत गं."

"असू दे की. कुणी आलं-गेलं तर?"

"जंगलात कोण येतंय?"

पांडुरंग नावाच्या वनरक्षकानं त्यांना तळ्याकाठच्या उंच मचाणावर नेऊन बसवलं. हल्याळकडचा माणूस, बोलायला गोड, पण अर्धं लक्ष कायम झाडीकडे. सकाळ मोठी सुखाची गेली. कानांना काही काचबिंदू नव्हता. धनेशांची जोडी डोक्यावरून गेली तेव्हा पंखांचा असा घरघराट झाला की बाई लहान पोरीसारख्या टाळ्या पिटू लागल्या. खंड्या, सुतार, हळद्या... नेत्रा नावं सांगत होती आणि बाई मान डोलवत होत्या. हत्ती मात्र नव्हते.

"त्यांचं काय सांगता येत नाही, अक्का," पांडुरंग म्हणाला. "आले तर आले. नाही तर महिनाभर फिरकत नाहीत."

बाईंचा चेहरा उतरला. पुन्हा इतक्या दूर येणं होणार नव्हतं, आणि झालं तरी डोळे कुठे असणार होते?

ऊन डोक्यावर आलं तशा त्यांनी पत्रावळी मांडल्या. नेत्रा आपली पत्रावळ घेऊन कठड्याशी बसली, एका हातात घास, दुसऱ्यात दुर्बीण. बाईंनी पहिला घास मोडला आणि मागे लाकूड करकरलं. कुणीतरी शिडी चढत होतं.

आता, जेवताना दारात कुणी आलं तर काय म्हणायचं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पोस्टमन असो, मीटर बघणारा असो. तोही "चालू द्या" म्हणतो आणि विषय संपतो. बाईंनी मागे न बघताच म्हटलं, "या, जेवायला."

"चालू द्या" काही आलं नाही.

पाखरं गप्प झाली होती. एकही नाही... कोरड्या दुपारी ओल्या शेवाळाचा वास आला.

"अक्का..." पांडुरंग दबक्या आवाजात म्हणाला. "कुणाला बोलावलात?"

"शिडीवर कुणी आहे ना..."

"शिडी मी कवाच वर वढून घेतलीया."

खरंच, शिडी त्याच्या पायाशी आडवी पडली होती. आणि मग डावीकडे, जिथं दोन वर्षं बाईंना काहीच दिसत नव्हतं तिथं, दिसलं. मांडी घालून बसलेलं कुणीतरी. हिरवट, विटलेलं लुगडं. मातीनं भरलेली नखं. कठड्याशी दुर्बिणीत गुंतलेल्या नेत्राला कशाचाच पत्ता नव्हता.

"बोलावलंय तर वाढा आता," पांडुरंग खाली बघत पुटपुटला. "तोंडाकडं बघू नका."

बाई घाबरल्या, चांगल्याच घाबरल्या. पण पाहुण्याला उपाशी बसवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पान वाढलं. भाकरी संपली तशी दुसरी घातली. "दहीभात घ्या थोडा... अजून घ्या." चावल्याचा आवाज येत नव्हता, पान तेवढं रिकामं होत होतं.

"काय बघायला आलीस?" जुना, कोरडा आवाज.

"हत्ती," बाई म्हणाल्या.

समोरचा बांबू हलला. आधी एक मोठी मादी, तिच्यामागे आणखी चार, आणि पायांमधून धडपडणारं पिल्लू. सगळा कळप पाण्यात उतरला, आणि बाईंना तो या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसला, फटीबिटीतून नाही. पिल्लानं स्वतःच्याच डोक्यावर पाणी उडवलं. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. इतका आनंद त्यांना नेत्राच्या जन्मानंतर झाला नव्हता.

"आता तू ये माझ्याकडं जेवायला."

"येईन की," बाई पिल्लावरची नजर न हलवता म्हणाल्या, सगळ्यांनाच म्हणतात तशा. पांडुरंगानं कपाळावर हात मारून घेतला. डावीकडे मग कुणी नव्हतं, नुसतं चाटूनपुसून स्वच्छ केलेलं पान होतं.

आठवड्यानं डॉक्टरांनी डोळे तपासले, पुन्हा तपासले, यंत्र बदलून तपासले. डावी कड परत आली होती. नेत्रानं गल्लीभर पेढे वाटले.

बाईंनी एवढंच कुणाला सांगितलं नाही, की त्या कडेला जे असतं ते दिसत नाही. स्वयंपाकघरात उभं राहिलं की डावीकडे फ्रिज नसतो, झाडं असतात. पहिल्या दिवशी लांबवर धूर दिसला. मग चूल. मग चुलीपुढं मांडलेलं पान. काल त्यावर काहीतरी वाढलेलं होतं, आणि पानापलीकडे कुणीतरी स्वतः न जेवता वाट बघत बसलं होतं.

सुरुवातीला बाईंना रात्ररात्र झोप लागली नाही. मग हळूहळू भीती ओसरली. ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, असंच वाटू लागलं.

आज सकाळी त्यांनी जायची-यायची साडी नेसली आणि आरशात बघून कुंकू लावलं. नेत्रा ओट्याशी तांदूळ धूत होती.

"नेत्रा," बाई शांतपणे म्हणाल्या, "आज माझा भात लावू नकोस."