बेटावरची करकोची आणि बिबटीण

उजाडताना बेट गाठायचं, करकोच्याच्या घरट्यात पिल्लं आहेत का ते पाहायचं, फोटो काढायचा आणि ऊन चढायच्या आत परतायचं! एवढ्यासाठीच वनरक्षक शरयू गोदावरीच्या काठावर उभी होती. उद्या धर्मराज बेटावरचं गवत पेटवणार होता. दर साली पाणी ओसरलं की तिथल्या वाळूत त्याच्या टरबुजाच्या वाड्या लागायच्या. पिल्लांचा फोटो मिळाला, तरच साहेब जाळ थांबवायचा हुकूम काढणार होते.

बाळंतपणाच्या रजेनंतरचा हा तिचा पहिलाच आठवडा. लेक घरी आजीपाशी झोपलेली, आणि शरयूचं अर्धं चित्त तिच्या पाळण्यापाशीच घुटमळत होतं.

"पाखरासाठी माझं पीक अडवून राह्यल्या मॅडम तुम्ही!" खात्री करायला सोबत निघालेला धर्मराज कुरकुरला. "पिल्लं नसली तर?"

"तर तुम्ही मोकळे."

"बराबर मधी बसा," भोई तातेराव थर्माकोलचा तराफा पाण्यात ढकलत म्हणाला. "हा ट्रॅक्टर न्हाई, भाऊ. पोट आत घ्या जरा!"

धुक्यात काठ दिसेनासा झाला. भर पाण्यात वारा सुटला. लाट आली. तराफा कलला! बुडलेल्या बाभळीत वल्हं अडकलं आणि काडकन मोडलं. मग तिघं हातांनीच पाणी कापत राहिले. बेटाच्या कडेला उतरताच शरयू कमरेपर्यंत चिखलात रुतली. तातेरावानं दोर फेकला, धर्मराजानं ओढलं, तेव्हा ती सुटली.

पुढं ओली वाळू होती आणि तिच्यावर वितीएवढे, तीन बोटांचे ठसे. करकोचा! शरयू हरखून वाकली, आणि तशीच थबकली. त्या ठशांवर दुसरे ठसे उमटले होते. गोल, गादीसारखे, ताजे.

"कुत्रं असंल," धर्मराज म्हणाला.

"कुत्र्याची नखं उमटत्यात. हितं कुठं हायत?" तातेरावाचा आवाज खाली आला. "बिबट्या हाय."

अंकुशनगरकडं ऊसतोड चालू होती. चहूबाजूंनी फड तुटत आला, की आतलं जनावर मिळेल त्या वाटेनं बाहेर पडतं. हे पोहून इथं आलं होतं.

कड्कड्कड्कड्!

बाभळीच्या शेंड्यावर माणसाच्या छातीएवढी उंच करकोची उभी होती. काळी मान ताणलेली, पिवळा डोळा रोखलेला, लांब चोच वाजत होती. तिच्या पसरलेल्या पंखांखालून दोन केसाळ डोकी डोकावत होती. पिल्लं!

ती कुणावर चिडली होती? शरयूनं नजर खाली आणली. बुंध्यापासून दहा-बारा पावलांवर गवत हललं. बिबटीण! पोटाशी मांजराएवढा बच्चा.

वरची होती त्याहून मोठी होऊन उभी होती. खालची होती त्याहून लहान होऊन जमिनीला चिकटली होती. एकीचं सगळं बळ आवाजात, दुसरीचं रोखलेल्या श्वासात. एकीच्या चोचीत मासा मावावा, दुसरीच्या जबड्यात माणसाची मान. पण धास्ती? ती दोघींची एकच होती.

"पेटवतो! जाळ पाहून पळंल!" धर्मराजानं खिशातून लायटर काढला.

शरयूनं त्याचं मनगट पकडलं. "वारा झाडाकडं आहे! वरची जळतील, खालचं जळेल! पळू नका. पाठ फिरवू नका. हळू मागं चला."

घरट्यापुढं एक फांदी आडवी आली होती. फोटोसाठी उजवीकडं चारच पावलं हवी होती. तिनं एक टाकलं. बिबटिणीचे कान मागं पडले, घशात घरघर सुरू झाली. तिनं बच्चा पंजाखाली ओढला. त्याच क्षणी शरयूच्या छातीत दूध दाटून आलं, वर्दी भिजली. तिनं कॅमेरा सोडून दिला. तो गळ्यात लोंबकळला.

एक पाऊल मागं. आणखी एक. पाण्याचा गार स्पर्श. तराफा!

अर्ध्या नदीपर्यंत तिघं हातांनीच पाणी कापत आले.

"फोटो नाही, म्हणजे हुकूम नाही," शरयू शेवटी पुटपुटली. "आणि बिबट्याचं नाव निघालं तर सगळं गाव काठ्या घेऊन येईल."

काठाला लागल्यावर धर्मराजानं मजुरांच्या मुकादमाला, हरिओमला, फोन लावला.

"हरिओम, उद्या माणसं आणू नको. का म्हंजे? बेटावर दोन बाळंतिणी हायत... कुणाच्या? तुला काय करायचंय! टरबुजं लावू मागून. सव्वा महिना तिकडं कुणी फिरकायचं न्हाई, सांगून ठेवतो!"