घरोघरी गायलेलं गाणं

दुपारचा चहा संपवून साउंडकाकांनी कॉम्प्युटर सुरू केला. उभी हयात रेकॉर्डिंग स्टुडिओत काढलेला हा माणूस निवृत्त झाला आणि कुणी न विचारताच गल्लीतल्या गायनमंडळाचा तंत्रज्ञ होऊन बसला. मंडळाला गाणं शिकवणाऱ्या बाई आता गाव सोडून चालल्या होत्या. निरोपादाखल त्यांनीच बसवलेलं एक गाणं सगळ्यांनी मिळून गाऊन त्यांना द्यायचं ठरलं, पण तालमीचा हॉल नेमका दुरुस्तीसाठी बंद होता. काकांनी तोड काढली. ज्यानं त्यानं आपल्या घरी, सवडीच्या दिवशी गावं आणि क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये फाइल टाकावी. सगळे आवाज एकावर एक बसवायचं काम काकांचं.

सूचना त्यांनी स्वतःच लिहिल्या होत्या. दार लावून घ्या. कानात इअरफोन घालून बाईंच्या पेटीचं सोबत पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐका. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे फाइली जुळवता येतील. मध्येच कुणाचा फोन यायला नको, म्हणून फ्लाइट मोड लावा. गाणं संपलं तरी जरा वेळ गप्प बसा.

एवढं सांगूनही मंडळातल्या शिंप्यानं आधी नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ टाकला. दातांच्या डॉक्टरीणबाई टाळी विसरल्या आणि ती वेगळ्या फाइलमध्ये पाठवून मोकळ्या झाल्या.

"नुसती टाळी?" काकांची बायको हसून हसून बेजार झाली. "बिल लावतील बरं का तिचं!"

आता एकच फाइल यायची होती, लेकीची; तीही लहानपणी बाईंकडेच शिकली होती. ती नोकरीसाठी दूरच्या शहरात एकटी राहायची. "आज दुपारी गाते आणि टाकते, बाबा," असं तिनं सकाळीच कळवलं होतं.

काकांनी हेडफोन चढवले आणि शिंप्याची फाइल लावली. आवाज बरा होता. मागे पंख्याची घरघर, ती काढून टाकता येण्यासारखी. पहिल्या कडव्यात मात्र पावलं ऐकू आली. कुणीतरी सपाता घालून सावकाश, शिंप्याच्या पाठीमागून चालत गेलं.

काकांनी फोन लावला. "अहो, गाताना घरात कोण होतं?"

"कोण असणार? बायको माहेरी गेलीय. म्हणून तर गळा मोकळा सोडला!"

"पावलं येताहेत."

"माझ्या कानात तुमची ती पेटी होती, काका. मला कशी येणार ऐकू?" शिंप्यानं आवाज खाली आणला. "कसली पावलं?"

"काही नाही. पंखा असेल," काका म्हणाले. आपले कान आता थकले, असंच त्यांना आधी वाटलं. हल्ली त्यांना स्वतःची प्रत्येक गोष्ट तपासून घ्यावीशी वाटे.

डॉक्टरीणबाईंची फाइल त्यांनी शिंप्याच्या फाइलखाली बसवली. दुसरं कडवं सुरू झालं. शिंप्याकडची पावलं जिथं विरली, नेमकी तिथूनच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत सुरू झाली. त्याच सपाता, तीच लय. शिंपी रविवारी गायला होता, डॉक्टरीणबाई बुधवारी.

तिसऱ्या कडव्यात पावलं मंडळातल्या पोस्टमनच्या खोलीत शिरली. तिथं बाकाला अडखळली, थांबली आणि पुन्हा चालू लागली.

काकांनी बायकोला बोलावून हेडफोन दिले. तिनं डोळे मिटून ऐकलं. "चालतंय कुणीतरी. घरात माणसं चालतातच की." मग हेडफोन काढताना हळूच म्हणाली, "घाई नाही बघा त्याला." आणि ती आत निघून गेली.

काकांनी सगळ्या फाइली पुन्हा ऐकल्या. गाण्याच्या एकाच ओळीला दोन घरांत पावलं कधीच नव्हती. चालणारा एकच होता. या घरातून त्या घरात, गाण्याबरोबर पुढे पुढे. पोस्टमनच्या खोलीतून तो बाहेर पडला तेव्हा शेवटचं कडवं उरलं होतं.

शेवटच्या कडव्यात तो कुठल्याच फाइलमध्ये नव्हता.

काकांना लेकीची यायची राहिलेली फाइल आठवली. त्यांनी लेकीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. संपर्काच्या बाहेर. फ्लाइट मोडची सूचना त्यांचीच होती. कानात इअरफोन, दार बंद. सगळं काही त्यांनीच सांगितलेलं.

गाऊ नकोस, असा मेसेज त्यांनी पाठवला. तो पोचला नाही.

तेवढ्यात फोल्डरमध्ये नवी फाइल आली.

टाळी. लेकीचा मोकळा आवाज. पहिलं कडवं स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसरंही. काकांनी आवाज वाढवला.

शेवटच्या कडव्याला दार उघडलं.

पावलं आत आली. माइकजवळ आली. थांबली.

लेक गातच राहिली. गाणं संपलं, आणि सांगितल्याप्रमाणे ती गप्प बसली. त्या शांततेत दोन श्वास ऐकू येत होते.

मग इअरफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. खुर्ची वळली.

"अय्या!" लेक आनंदानं म्हणाली. "न कळवता?"

फाइल संपली.

काकांचा जीव जरासा भांड्यात पडला. मैत्रीण असेल. शेजारीण असेल. त्यांनी फोन लावला. या वेळी तो लगेच लागला.

"आई ना?" लेक कुजबुजली. "बाबांच्या फोनवरून करतेस? बाबा पोचले गं सुखरूप. फोन घरीच विसरलो म्हणाले. किती चालून आलेत, पाय भरून आलेत नुसते."

"अगं, मी..." फोनमध्ये खरखर सुरू झाली.

"आई? ऐकू येत नाहीये. थांब, त्यांच्याकडेच देते."

फोन हातातून हातात गेला.

रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज माणसाला सहसा ओळखू येत नाही. काकांनी मात्र आपला आवाज आयुष्यभर टेपवर ऐकला होता.

"काळजी करू नकोस," तो आवाज म्हणाला. "आता मी इथंच राहणार आहे."