खुर्चीतलं गिऱ्हाईक

मॅरिट फार्मसिस्ट अमेरिकेतल्या फार्गो शहरात बसायची. तिचं दुकान मात्र पार कॅनडाच्या हद्दीजवळ, ओस्बी गावात. तिथं ग्लेनिस एकटीच गोळ्या मोजायची, बाटली कॅमेऱ्यासमोर धरायची, आणि मॅरिटनं स्क्रीनवर पाहून "हो" म्हटल्याशिवाय औषध दुकानाबाहेर जायचं नाही. घेणाऱ्यालाही भिंतीलगतच्या खुर्चीत बसवून मॅरिट स्क्रीनवरूनच चार गोष्टी समजावून सांगायची. मध्येच ग्लेनिस कालवणाची चव सांगत बसे, किंवा नवऱ्याच्या घोरण्याच्या नकला करी.

ऑक्टोबरात मॅरिटनं खुर्चीतल्या सेल्मर म्हाताऱ्याला सांगितलं, "जेवणानंतर घ्यायची हं." त्यानं मान डोलावली.

"कुणाशी बोलतेयस गं? खुर्ची रिकामी आहे," ग्लेनिस म्हणाली.

सेल्मर औषध न्यायला आलाच नाही. संध्याकाळी तो ट्रॅक्टरपाशी मरून पडलेला सापडला. मग शाळेतल्या बाईही तशाच खुर्चीत दिसल्या आणि त्याच दिवशी वारल्या. ग्लेनिसनं थट्टा केली, "चष्म्याचा नंबर काढ बाई!" मॅरिट हसली खरी, पण त्या खुर्चीकडे बघायची तिला धास्तीच बसली.

जानेवारीत भर दुपारी हिमवादळ सुटलं. ग्लेनिसनं बाटली वर धरली. तिच्या खांद्यामागं, खुर्चीत, ग्लेनिसच बसली होती. गळ्यात पिवळा स्कार्फ, मांडीवर एकच हातमोजा.

 खुर्चीत काय दिसलं ते मॅरिटनं तिला सांगितलं नाही.

"ग्लेनिस, आज गाडी काढू नकोस."

"मग काय इथं अंडी उबवू?"

"तुझ्या पाया पडते. रस्त्यावर काहीतरी होईल. दुकानातच थांब, मला दिसत राहा."

"बरं बाई, तू साहेब!" तिनं नवऱ्याला फोन केला, दाराला कडी घातली. खुर्ची आता रिकामी होती. मॅरिटचा जीव भांड्यात पडला.

तासाभरानं ग्लेनिस म्हणाली, "हीटर चालू आहे गं, तरी हुडहुडी भरलीय."

तिनं कोट चढवला. गळ्याभोवती पिवळा स्कार्फ गुंडाळला.

"तो काढ!" मॅरिट ओरडली.

"कशाला? एक हातमोजापण सापडत नाहीये मेला. डोकं जड झालंय, जरा टेकते."

"त्या खुर्चीत नको! ग्लेनिस! बाहेर जा, शेजारी जा, कुठंही जा!"

ग्लेनिसनं कानाकडे बोट दाखवून ऐकू येत नसल्याची खूण केली. वादळानं आवाज तुटला होता, चित्र तेवढं दिसत होतं. ती खुर्चीत बसली.

मॅरिटनं दुकानात फोन लावला. लागेना. तिथल्या पोलिसांना लावला.

"रस्ते बंद आहेत, मॅडम. सकाळशिवाय गाडी निघायची नाही."

"ती माझ्या डोळ्यांसमोर आहे हो! मीच तिला थांबवलं!"



स्क्रीनवर ग्लेनिसनं हातमोजा मांडीवर ठेवला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं.

मॅरिटनं तोंड उघडलं. अजून ती काहीच बोलली नव्हती.

तिकडे ग्लेनिस, सगळं समजल्यागत, शहाण्या गिऱ्हाइकासारखी मान डोलावत होती.