दाताने तोडलेला दोरा

"तूच आणलंस हे तिच्यापर्यंत," मुलगा इस्पितळाच्या व्हरांड्यात आपल्या बायकोला म्हणाला, तेव्हा बाकावर बसलेल्या आजीने मान खाली घातली... कारण तिला वाटत होतं, आणणारी आपणच.

नातीच्या अंगात बापाच्या रक्तातल्या मूळपेशी घालून चाळीस दिवस झाले होते. नवं रक्त कुठे जीव धरू लागलं होतं, आणि तीन दिवसांपासून सात वर्षांच्या त्या लेकराच्या लघवीतून रक्त जात होतं. विषाणू, असं कळलं होतं.

"दोन दिवस कामावर गेलीस, चार माणसांत बसलीस. राहवत नव्हतं ना?"

सून हातातल्या कपड्यांच्या पिशवीची गाठ आवळत राहिली.

आजीचा उभा जन्म शिवणकामात गेला होता. नातीच्या निर्जंतुक खोलीत जाणारा प्रत्येक कपडा सून आधी उकळून, इस्त्री करून पिशवीत बांधून ठेवी. पण रक्त दिसायच्या आदल्या दिवशी नातीच्या टोपीचा बंद निसटला आणि नात म्हणाली, "आजी, तूच लाव ना, आई फार वेळ लावते." आजीने तोंडावरचा मास्क खाली ओढला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुईत ओवलं, चार टाके घातले आणि सवयीने दोरा दाताने तोडला. घशात तेव्हा खवखव होती. ती सांगितली असती तर दारातूनच परत जावं लागलं असतं, म्हणून तिने गिळली होती... आणि आता तीन दिवस सुनेवरचे बोलही ती तशीच गिळत होती. स्वतःचीच तिला किळस आली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "तपासणी आली. हा विषाणू आत्ता बाहेरून आलेला नाही. खूप आधी कधीतरी अंगात शिरून निजलेला असतो, शरीराचा पहारा उठला की जागा होतो. कुणाचा दोष नाही. लघवीतून जाणारं रक्त कमी होतंय, आपण लक्ष ठेवून आहोत."

आजी सुटली होती. आता तोंड उघडायची गरजही नव्हती. आणि नेमकी त्याचीच तिला जास्त लाज वाटली...

ती उठली. "घसा दुखत असताना मी आत गेले होते. मास्क खाली ओढून टोपी शिवली, दोरा दाताने तोडला. विषाणू माझा नसेल, पण हिला तू बोलत होतास तेव्हा गप्प बसले, ते पाप माझंच. सूनबाई, पाया पडते तुझ्या."

सुनेने तिला खांद्यांना धरून अडवलं. "मी काचेतून बघितलं होतं, आई. टोपी लगेच काढून घेतली मी."

"मग तीन दिवस हे सगळं का ऐकून घेतलंस?"

"सांगितलं असतं तर ह्यांनी तुम्हाला पुन्हा आत सोडलं नसतं. आणि पोर रोज सकाळपासून तुम्हालाच विचारते..."

मुलाने तोंड हातांत लपवलं. "माझं चुकलं गं," एवढंच त्याला म्हणता आलं.

आजीचे डोळे भरून वाहू लागले. सुनेने तिच्या घशाला हात लावून पाहिला.

"दुखतंय अजून?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. आत नात वाट बघत होती.

"हो," आजी म्हणाली. "थोडं दुखतंय."

"मग आज काचेतूनच," सून म्हणाली, आणि तिचा हात धरून तिला काचेपाशी घेऊन गेली.