ब्रेक लागला नाही

"हवा सोडायला आलायस ना?" हेमानं विचारलं.

भैरू मोटरसायकलच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. तो पळाला नाही. "व्हय," म्हणाला, "त्याच्यासाठीच आलो हुतो."

हेमा आणि तिची मैत्रीण शालू त्याच्याजवळ आल्या. त्याला राग येणारच. गेल्या आठवड्यात हेमाच्या दादानं, श्रीधरनं, वारज्याच्या उतारावर याच गाडीनं भैरूच्या आजीला, सोजरबाईंना, धडक दिली होती. म्हातारीचा पाय मोडला होता. 'पुढचा ब्रेक लागला नाही,' एवढंच श्रीधर सांगत होता. त्यावर बाबा म्हणाले होते, "ब्रेक मी मागच्याच महिन्यात तपासलाय. निदान खोटं तरी बोलू नकोस." तेव्हापासून श्रीधर जेवेना, बोलेना. कर्वेनगरच्या त्या घरातली मे महिन्याची सुट्टी पार मेली होती.

"पर आजी येगळंच सांगती," भैरू म्हणाला. "पोरानं ब्रेक गच्च दाबला हुता म्हनं. गाडीच थांबंना."

"मग बघूच की," शालू म्हणाली.

पार्किंगच्या उतारावर दोघींनी गाडी ढकलली आणि भैरूनं पुढचा ब्रेक आवळला. चाक फिरतच राहिलं. गाडी भिंतीवर आदळून थांबली.

हेमानं ब्रेकच्या चकतीवर बोट फिरवलं. तेल!

मागच्या महिन्यात बाबांनी गाडीचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपचं काम घरीच केलं होतं. बाबा, म्हणजे दीनानाथराव, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे मेकॅनिकला काय कळतं, हा त्यांचा बाणा. चाक काढून त्यांनी पुढचे दोन्ही शॉकअप खाली ओढले, जुनं तेल बादलीत ओतलं, नवं भरलं. तेल अडवणारं रबरी सील मात्र जुनंच बसवलं. "चांगलं आहे की, टाकायचं कशाला?" आता तिथूनच तेल पाझरत होतं.

"पण ओघळ चकतीपर्यंत कुठं पोचतोय?" शालू म्हणाली.

हेमाला एकदम कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असंही वाटलं. "सकाळी दोघंही या," ती म्हणाली. "मला एकटीला भीती वाटते."

एक वेळ अंघोळ चुकेल, पण दीनानाथरावांचं गाडी पुसणं चुकायचं नाही. सकाळी त्यांचा फडका शॉकअपवरून फिरला, तिथलं तेल टिपून चकतीवर आला आणि चकती चकचकीत झाली. हेमानं चष्मा काढून पुढे केला.

"बाबा, त्याच फडक्यानं हा पण पुसून द्या."

"डोकं ठिकाणावर आहे का? तेलकट होईल तो."

मग ते थांबले. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, चकतीकडे पाहिलं आणि खाली फरशीवरच बसले.

"म्हणजे रोज मीच चकतीला तेल फासत होतो..."

त्याच दिवशी ते श्रीधरला आणि मुलांना घेऊन वारज्याला गेले. सोजरबाई प्लास्टरमधला पाय लांब करून पडल्या होत्या.

"चूक माझी आहे. मुलगा खरं सांगत होता," दीनानाथराव म्हणाले. "हेमानं आणि या दोघांनी शोधून काढलं."

"शानी हाईत पोरं," सोजरबाई म्हणाल्या. "पर मला कशाला सांगता? मला ठावंच हुतं. त्येला सांगा."

दीनानाथराव श्रीधरकडे वळले. त्यांनी मुलासमोर हात जोडले. श्रीधरनं ते हात धरले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो मोठ्यानं रडला.