दोन नट, जरा सैल

आमच्या गॅरेजात गिऱ्हाईक दारातून येतं. हा टायरांच्या ढिगातून आला.

आधी कोपऱ्यावरून इंजिनाची किंकाळी आली, मग एक जुनी काळी मोटारसायकल आणि तिच्यावर दोन्ही पायांनी रस्ता घासत येणारा एक उंच माणूस. रेसची मूठ त्याने कधीच सोडली होती, पण गाडीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. बाहेर रचलेल्या टायरांनी तिला पोटाशी घेतलं म्हणून निभावलं. मी धावत जाऊन चावी बंद केली.

"लागलं का?"

"तिला?"

"तुम्हाला."

"मला नाही. मामाची गाडी आहे, त्याच्या लग्नाआधीची. तिला काही झालं तर मात्र मला लागेल..." तो टायरांतून पाय सोडवत म्हणाला. "तो मारेल."

हसू दाबायला मी पाना शोधायला वळले. पाना माझ्या हातातच होता, हे बाबांनी खुर्चीतून पाहिलं. गुडघे गेल्यापासून बाबा गॅरेज कानांनी आणि जिभेनं चालवतात. हात तेवढे माझे.

मूठ पिळली की कार्ब्युरेटरच्या आतला एक तुकडा वर सरकतो आणि गाडी पळते. मूठ सोडली की तो खाली यायला हवा. याचा खाली येत नव्हता. केबल कोरडी ठणठणीत होती, तिच्यावर ठपका ठेवून मी तेल सोडलं. मूठ टक्कन परत येऊ लागली. तो पाणीपुरवठ्याच्या खात्यात होता, गावभर पाइपांची गळती शोधत हिंडायचा. जाताना म्हणाला, "मेकॅनिकबाई, तुमच्या हाताला गुण आहे." आणि कोपऱ्यावर वळून पाहायच्या नादात दुधाच्या गाडीवर आदळता आदळता वाचला.

आठवडा उलटायच्या आत तो पुन्हा हजर. रेस अडकते म्हणाला. मी कार्ब्युरेटर उतरवून धुतला, पुसला, पुन्हा बसवला. तो स्टुलावर बसून बघत होता. कार्ब्युरेटरकडे कमी, माझ्याकडे जास्त... की मलाच तसं वाटत होतं?

"तुम्ही काम करताना जीभ बाहेर काढता," तो म्हणाला.

"तुम्ही काम न करताना फार बोलता."

तिसऱ्यांदा आला तेव्हा बाबांनी मला विचारलं, "काय गं, नक्की गाडीच अडकते ना?"

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गाडी उभ्या उभ्या तपासली तर रेस अगदी सुरळीत. खोड काही सापडेना, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंदच झाला होता. गाडी ठणठणीत आहे, म्हणजे हा येतो तो माझ्यासाठी! त्या दिवशी मी नेमका तेलकट डागांचा शर्ट सोडून धुतलेला घातला होता. गॅरेजात धुतलेला शर्ट कोण घालतं?

"एक अडचण आहे," तो म्हणाला. "माझी बदली झालीय, धरणाकडे. सोमवारी निघतोय. गाडीवरच... वाटेत घाट आहे."

घाटाच्या उतारावर रेस अडकली तर मध्ये टायरांचा ढीग नसतो.

"चला, मी चालवून बघते. मागे बसा."

तो बसला, पण दोन्ही हात मागच्या कडीला धरून, इतक्या सभ्यपणे की मला रागच आला. गावाबाहेरचा लांब चढ चढलो. इंजिन चांगलं तापलं. माथ्यावर मी मूठ सोडली आणि गाडी सुटली ती सुटलीच. चावी बंद करून मी तिला कडेच्या गवतात घातलं.

"बघा! खोटं बोलत नव्हतो मी," तो खुशीत म्हणाला.

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. बिघाड खरा होता. म्हणजे तो मामाच्या गाडीसाठीच येत होता आणि मी उगाच मनात मांडे खात होते.

रागारागानं खाली बसले तेव्हा दिसलं. कार्ब्युरेटरला इंजिनाशी धरून ठेवणारे दोन नट कोणीतरी असे आवळले होते की पाना हलेना.

"हे कोणी केलं?"

"मी. दर वेळी घरी गेल्यावर बघायचो, तिथे पेट्रोलची ओल दिसायची. आमच्यात ओल दिसली की आवळायचं."

"अहो, हा नळ आहे का? जास्त आवळलं की याचं अंग वाकतं. गार असताना चालतं. तापलं की आतला तुकडा धरून बसतो."

"म्हणजे तुम्ही नीट बसवायचात..."

"आणि तुम्ही घरी जाऊन बिघडवायचात."

आम्ही दोघंही इतकं हसलो की रस्त्यावरचा सायकलवाला थांबून बघू लागला. गॅरेजात आल्यावर मी वाकलेली कड काचेवर पॉलिशपेपर ठेवून घासून सपाट केली, नवं पॅकिंग घातलं, नट बेताचे आवळले. आणखी एक दिवस लांबवता आलं असतं. पण त्याला घाट उतरायचा होता.

"आता या नटांना हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"म्हणजे आता यायचं कारण संपलं," तो म्हणाला. मी हो म्हटलं आणि हात पुसत बसले... हात कधीचे स्वच्छ झाले होते.

रविवारी, बांधाबांध करायच्या दिवशी, तो गाडीसकट दारात उभा.

"अडकते पुन्हा," तो म्हणाला.

"कुठे अडकली?"

"तिकडे... पुलावर."

मी इंजिनावर हात ठेवला. गार. नटांवर पाना लावला, तर ते पुन्हा गच्च आवळलेले. मग त्याच्याकडे पाहिलं. आभाळ कोरडं होतं, तरी त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"ढकलत आणलीत?"

"तुम्ही सांगितलं होतं ना, आवळलं की अडकते. मग चालवायची भीती वाटली."

"अहो, मग आवळलंत कशाला?"

तो आडवळणं सोडून सरळ म्हणाला, "कारण उद्या मी जाणार, आणि तुम्ही आवडता हे सांगायला नुसतं यायचं धाडस नव्हतं माझ्यात. काहीतरी बिघडलेलं बरोबर असलं की मला तुमच्याशी बोलता येतं."

बाबा अचानक गुडघ्यांची तक्रार न करता उठले आणि आत निघून गेले.

त्याचं घर पुलापाशी, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथून हे लोखंडाचं धूड या माणसानं माझ्यासाठी ढकलत आणलं होतं. मी खाली बसून नट सैल केले, बेताचे आवळले.

"मलाही आवडता तुम्ही," मी नटांकडे बघूनच म्हटलं. "पहिल्या दिवसापासून... टायरांतून पाय काढत होतात, तेव्हापासून."

वर पाहायची हिंमत होईना. तो शेजारी येऊन उकिडवा बसला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला.

"धरण लांब आहे," तो हळूच म्हणाला. "रविवारी सुट्टी असते पण."

"मग रविवारी ये," मी म्हटलं. "येताना काही बिघडवून आणायचं नाही. नुसतं ये."